आपल्या लेकराच्या हाताला काय येतं?

मायबापहो,

मागच्या शनिवारी पालकांच्या बैठकीत आपण सगळ्यांनी मिळून टेम्पल ग्रँडिन या स्वतः ऑटिझम असलेल्या अमेरिकी प्राध्यापकांचं व्याख्यान पडद्यावर पाहिलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून त्या सर्वसामान्य लोकांसाठी अशी जाहीर व्याख्यानं देत फिरतात, त्यातलंच हे एक. त्यांचं बोलणं भरभर, आवाज एकसुरी आणि मोठा, म्हणून मी मधेमधे थांबवून मराठीत सांगत गेले. शेवटी वेळ संपला, अकोल्याकडच्या मंडळींना गाडी गाठायची होती, आणि जाताना दारात चपला घालता घालता तुम्ही मला जे विचारलंत, त्याला धड उत्तर देता आलं नाही. ते राहून गेलेलं उत्तर आज सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न बहुतेकांचा एकच होता. दर्यापूरच्या ताईंनी तो आपल्या बोलीत विचारला, "मॅडम, ह्या बाई एवढ्या मोठ्या झाल्या. माह्यं पोट्टं होईन का असं?"

ताई, मला माहीत नाही. तीन वर्षांच्या लेकराकडे पाहून ते तिशीत काय करेल हे सांगणारा डॉक्टर अजून जन्माला यायचा आहे, आणि असं छातीठोक सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. ऑटिझम असलेली बहुतेक मुलं प्राध्यापक होणार नाहीत. ऑटिझम नसलेलीही होत नाहीत. पण टेम्पलबाईंच्या व्याख्यानातून आपण फक्त त्यांची पदवी आणि प्रसिद्धी घेऊन घरी आलो, तर आपल्या हाती निराशाच लागेल. त्यांच्या आईनं, आत्यानं आणि एका मास्तरांनी त्यांच्यासाठी काय काय केलं, हे त्या दर व्याख्यानात सांगतात. आपल्या कामाचं आहे ते तिथं.

त्यांचा जन्म १९४७ सालचा, बोस्टनचा. दोन वर्षांच्या झाल्या तरी शब्द नाही. जवळ घेतलं की अंग ताठ करायचं, किंचाळायचं, नाहीतर एका जागी बसून तासन् तास वाळू बोटांतून गाळत राहायचं. डॉक्टरांनी मेंदूला इजा असल्याचं सांगितलं. अशा मुलांना कायमचं संस्थेत टाकायचं, अशी तेव्हाची रीत होती आणि वडिलांचा कलही तिकडेच होता. आईनं, युस्टेशिया कटलर यांनी, ते होऊ दिलं नाही. साडेतीन वर्षांच्या झाल्यावर टेम्पल बोलू लागल्या. पुढे १९७० साली मानसशास्त्राची पदवी, १९७५ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठातून पशुविज्ञानाची पदव्युत्तर पदवी, १९८९ साली इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., आणि मग कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात प्राध्यापकी. आपल्या अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत जे शिकवतात, तोच हा विषय, गुरांचा. २०१० साली त्यांच्या आयुष्यावर चित्रपटही आला.

या सगळ्यात त्यांच्या आईचं काय झालं, ते पडद्यावर फारसं दिसत नाही. तो काळ आईला दोषी धरण्याचा होता. आई मनानं थंड असली की मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ लिहीत होते. ब्रुनो बेटेलहाइम यांचं त्या मताचं गाजलेलं पुस्तक १९६७ चं. पुढे संशोधनानं ते मत साफ खोडून काढलं, पण तोवर हजारो आयांनी ते ओझं वाहिलं होतं. आपल्याकडे ते पुस्तक कुणी वाचलेलं नाही आणि तरी तेच चालू आहे. नोकरी करते म्हणून झालं. पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. मोबाइल हातात दिला म्हणून झालं. मी हे सगळं आपल्याच बैठकीत ऐकलं आहे, आणि ऐकवणारी माणसं घरातलीच असतात. म्हणून स्पष्ट लिहिते, हा कागद घरी मोठ्यांदा वाचून दाखवा. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असणं. आईच्या वागण्यानं तो होत नाही, नोकरीनं होत नाही, ग्रहणानं होत नाही, लसीनंही होत नाही. लसीचा संबंध जोडणारा १९९८ सालचा शोधनिबंध ज्या नियतकालिकानं छापला, त्यानंच २०१० मध्ये तो रद्द केला. मोबाइलनं ऑटिझम होत नाही, पण माणसांशी खेळायचे तास तो खाऊन टाकतो, म्हणून कमी करा. टेम्पलबाईही तेच सांगतात.

आणि वडिलांनो, तुमच्याशी एक वेगळं बोलायचं आहे. आपल्या बैठकीला पंचवीस बाया आणि चार पुरुष असतात. शेती आहे, दुकान आहे, ड्युटी आहे, मला कळतं. पण पुढे ज्या कामाबद्दल मी लिहिणार आहे, ते तुमच्याशिवाय होणारच नाही.

टेम्पलबाईंच्या आईनं पहिल्यांदा काय केलं, तर वाट पाहिली नाही. आपल्या वऱ्हाडात या एका गोष्टीनं फार नुकसान होतं. "त्याचे बाबा बी उशिराच बोलले होते, बोलंन आज ना उद्या." या एका वाक्यात लेकराची दोन-तीन वर्षं जातात. वर्षाचं लेकरू नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या, मग विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञाला दाखवा. मुलगी शांत आहे, कुणाला त्रास देत नाही, म्हणूनही थांबू नका. मुलींचं निदान फार उशिरा होतं, कारण मुलीचं गप्प असणं आपल्याला गुणासारखं वाटतं.

निदानाचा कागद हाती येईपर्यंत घरात काय करायचं? टेम्पलबाई म्हणतात, दोन-तीन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलासाठी सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे काहीच न करणं. त्यांच्या लहानपणी वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या, घरात सांभाळणारी बाई होती, आणि दिवसाचे कितीतरी तास कुणी ना कुणी त्यांच्यासोबत आळीपाळीचे खेळ खेळत असे. त्यातला एक खेळ पारचिसी, म्हणजे आपल्याच पचिशीचा परदेशी अवतार. आधी तुझा डाव, मग माझा. एवढंच शिकवायचं होतं, पण बोलणंही डावानंच चालतं, आणि ज्याला डाव कळला त्याला बोलण्याची वाट सापडते. मदत मिळत नसेल तर आजीआजोबांना, कॉलेजच्या पोरांना कामाला लावा, असं त्या मोकळेपणानं सांगतात. आजी तर आपल्या घरोघरी आहेत. आजीला सांगा, पोट्ट्याला नुसतं कडेवर घेऊन फिरवू नका. समोर बसवा, वाटीत शेंगदाणे घ्या, एक तुझा, एक माझा. तो "दे" म्हणेपर्यंत, किंवा हात पुढे करेपर्यंत, किंवा तुमच्या डोळ्यांकडे बघेपर्यंत पुढचा दाणा थांबवा. रोज, दोन-तीन वेळा, दहा-दहा मिनिटं. कंटाळा येईल, पण सोडू नका.

दुसरी गोष्ट त्यांच्या आईची मला फार आवडते. जेवताना टेम्पल हातानं खाऊ लागल्या, तर आई ओरडत नसे. "काटा वापर," एवढंच सांगे. म्हणजे काय करू नको हे न सांगता, काय कर हे सांगायचं. आपण दिवसभर लेकराला "नीट वाग", "शहाण्यासारखा बस" असं म्हणत असतो. त्याला त्यातून काही दिसतच नाही. "पाय खाली सोड," "हात मांडीवर ठेव," हे त्याला दिसतं.

आता हे दिसणं म्हणजे काय, ते सांगते. व्याख्यानात त्या चर्चच्या मनोऱ्याचं उदाहरण देत होत्या तेव्हा तुमच्यापैकी काहींची चुळबूळ सुरू झाली होती, म्हणून आपल्याकडचं घेते. मी "देऊळ" म्हटलं की तुमच्या मनात एक अंधुकसं शिखर येतं, कुठलंच ठरावीक नाही. टेम्पलबाईंसारखा विचार करणाऱ्या लेकराच्या मनात मात्र अंबादेवी येते, मग तिच्या शेजारची एकवीरा, मग अकोल्याचा राजराजेश्वर, मग बहिरमच्या यात्रेतलं देऊळ, एकामागून एक, रंगासकट, दारातल्या नारळवाल्यासकट. अशा कितीतरी देवळांची चित्रं साठली की त्यातून "देऊळ" ही गोष्ट त्याला कळते. टेम्पल लहान असताना कुत्रं आणि मांजर यांतला फरक आकारावरून ओळखायच्या. मोठं ते कुत्रं. शेजाऱ्यांनी बुटक्या जातीचं कुत्रं आणलं आणि तो नियम मोडला. मग त्यांनी नाकाकडे पाहून नवा नियम केला. म्हणून आपल्या लेकराला एखादी गोष्ट एकदा सांगून कळली नाही, तर ते मठ्ठ आहे असं समजू नका. त्याला अजून चित्रं हवी आहेत. "रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहा" हे राजकमल चौकात शिकवलंत, तर ते राजकमल चौकापुरतंच राहील. तेच गल्लीत, तेच बसस्टँडसमोर, तेच मामाच्या गावच्या फाट्यावर करून दाखवावं लागेल.

सगळीच मुलं चित्रांतून विचार करत नाहीत, हेही त्या सांगतात. काहींचं डोकं आकड्यांत आणि नमुन्यांत चालतं, तर काहींना शब्दांचा, तारखांचा, याद्यांचा नाद असतो. आपल्या लेकराचं कोणतं, हे त्याच्या नादावरून ओळखू येतं. आणि नादाबद्दल आपण घरी सगळ्यात जास्त भांडतो! मूर्तिजापूरचा एक मुलगा वहीच्या वह्या शकुंतला रेल्वेच्या डब्यांनी भरतो. दुसरं काही काढत नाही. घरच्यांनी वह्या लपवल्या, तर तो भिंतीवर काढू लागला. टेम्पल लहानपणी फक्त घोड्याची तोंडं काढायच्या. आई म्हणाली, छान, आता सगळा घोडा काढ, आता त्याचा तबेला काढ. पुढे एक समुद्रकिनारा काढून घेतला आणि तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. आम्ही मूर्तिजापूरच्या मुलाला तेच सांगितलं. डबे काढलेस, आता स्टेशन काढ. स्टेशनावर पाटी हवी. पाटीवर नाव हवं. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर. जोडाक्षरांना हात न लावणारा मुलगा "मूर्तिजापूर"मधला रफार बरोबर काढू लागला, कारण पाटीवर तो तसाच होता. आता तिकिटांचे हिशेब सुरू आहेत.

आवाजाबद्दल पुष्कळांनी विचारलं होतं. शाळेची घंटा वाजली की दाताच्या डॉक्टरचं यंत्र नसेला लागल्यासारखं व्हायचं, असं टेम्पलबाई सांगतात. मग आपल्या लग्नातला डीजे काय करत असेल, याचा विचार करा. नात्यातल्या लग्नात लेकरू कानावर हात ठेवून लोळण घेतं आणि आजूबाजूला कुजबुज सुरू होते, "लाडावून ठेवलंय." त्याला लाडानं नव्हे, दुखतं म्हणून ओरडावं लागतं. तेव्हा वरातीत नेऊ नका, हळदीला न्या, लवकर जा, लवकर निघा. घरातल्या आवाजांसाठी मात्र एक युक्ती त्या सांगतात आणि ती इथं लागू पडलेली मी पाहिली आहे. आवाजाचं बटण लेकराच्या हाती द्या. आपल्याकडे मार्चपासून कूलर सुरू होतो, तो पावसाळा लागेपर्यंत. अकोल्याच्या एका मुलीला त्याची घरघर सहन व्हायची नाही आणि पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद ठेवणं घरच्यांना शक्य नव्हतं. आम्ही तिला हिवाळ्यातच, थंड दिवसांत, कूलर स्वतः चालू करायला आणि लगेच बंद करायला शिकवलं. आधी ती बटण दाबून बाहेर पळायची. मग दारात उभी राहू लागली. उन्हाळा आला तेव्हा पंप सुरू करायचं काम तिचंच झालं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मी मुख्यतः लिहायला घेतलं, ती. तुम्ही सगळे मला एक खंत बोलून दाखवता, की इथं काही नाही. मुंबई-पुण्याला केंद्रं आहेत, उपचारतज्ज्ञ आहेत, आपण अमरावती-अकोल्यात, त्यातही खेड्यात. ही खंत खोटी नाही. तज्ज्ञ कमी आहेत, आणि ते वाढले पाहिजेत असं आपण मागतच राहू. पण टेम्पलबाईंच्या आयुष्याला वळण कुठं मिळालं, ते परत पाहा. त्यांच्या सावत्र वडिलांची बहीण, म्हणजे आत्या, ॲरिझोनात गुरांचा मोठा फार्म चालवत होती. आईनं वयात आलेल्या, घाबरट, रोज कासावीस होणाऱ्या मुलीला सुट्टीत तिकडे पाठवलं. टेम्पल जायला तयार नव्हत्या. आईनं पर्याय दिला, दोन आठवडे जा किंवा सगळी सुट्टी, पण जायचंच. आपण सुट्टीत लेकरांना मामाच्या गावाला पाठवतो, तसंच हे. तिथं त्यांनी गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहिला. बिथरलेलं जनावर त्यात शांत होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या स्वतः त्यात शिरल्या, आणि कुणाचा स्पर्श न सोसणाऱ्या मुलीला त्या दाबानं बरं वाटलं. शाळेत परत येऊन त्यांनी स्वतःसाठी तसलं यंत्र बनवलं. ते पाहून मोठी माणसं घाबरली, पण कार्लॉक नावाचे विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, तुला यानं शांत वाटतं ना, मग का वाटतं ते प्रयोग करून शोध. अभ्यासात रस नसलेली मुलगी त्या दिवसापासून अभ्यासाला लागली.

त्याहीआधी, तेरा वर्षांच्या असताना, आईनं त्यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे कामाला लावलं होतं. पंधराव्या वर्षी त्या शाळेतल्या घोड्यांचे तबेले रोज झाडत होत्या. शेण उचलणं, वैरण टाकणं, दार लावलं की नाही पाहणं. पुढे नोकरी मागायला गेल्या तेव्हा मुलाखतीत त्यांना नीट बोलता यायचं नाही. त्या आपली रेखाटनं समोर ठेवत. रेखाटनं पाहून काम मिळे. गुरांच्या वाटेत त्या स्वतः उतरायच्या, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढायच्या, आणि लोंबणारी साखळी, जमिनीवरची गडद सावली, कठड्यावर टाकलेला कोट यांना गुरं बुजतात हे दाखवून द्यायच्या. आपल्यातला कुठलाही शेतकरी हे ऐकून मान डोलावेल. पुलाच्या सावलीत बैल थबकतो ते त्यानंही पाहिलेलं असतं. त्यांचं बरंचसं काम कत्तलखान्यांसाठीचं आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना वाईट वाटलं, ते मी पाहिलं. त्यांचं म्हणणं इतकंच, की जनावराच्या वाट्याला शेवटपर्यंत भीती आणि वेदना येऊ नये. त्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं.

म्हणजे वळण कुठं मिळालं? आत्याच्या फार्मवर, शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे, घोड्यांच्या तबेल्यात. यातलं आपल्याकडे काय नाही, सांगा. गोठा आहे, संत्र्याची बाग आहे, किराणा दुकान आहे, शिलाई मशीन आहे, छापखाना आहे, सायकलचं दुकान आहे, आणि ते चालवणारा नात्यातला किंवा ओळखीतला माणूस आहे. मोठ्या शहरातल्या आईबापांना हे मिळवायला झगडावं लागतं.

वरुडकडच्या एका मुलाचं उदाहरण त्याच्या आईवडिलांच्या परवानगीनं लिहिते. वय सोळा. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. शाळा सुटली आणि तो घरात नुसता दोरी फिरवत बसायचा. त्याच्या आजीच्या लक्षात आलं, की घरात आणलेल्या संत्र्यांतून तो डाग असलेलं फळ बरोबर बाजूला काढतो. आंबिया बहाराची तोड सुरू झाली तेव्हा शेजारच्या बागवानानं त्याला प्रतवारीला बसवलं. पहिल्या दिवशी माल भरणाऱ्यांचा गलका सुरू होताच तो पळून गेला. मग आजी त्याला सकाळी माणसं यायच्या आत नेऊ लागली, अर्धा तासच. समोर तीन क्रेट. प्रत्येक क्रेटला त्या आकाराचं एकेक संत्रं दोरीनं बांधलेलं, म्हणजे सांगायला शब्द लागायला नकोत. तो फळ उचलतो, बोटांवर एकदा फिरवतो, देठाची बाजू बघतो, आणि ठेवतो. कोळशी रोगाचा टिपका इतरांच्या नजरेतून सुटतो, याच्या नाही. हळूहळू वेळ वाढवत आता तो दोन तास बसतो. बागवान त्याला इतरांसारखी रोजी देतो, बापाच्या हातात नाही, त्याच्या स्वतःच्या. त्या पैशांतून तो दर आठवड्याला एकच ठरलेल्या कंपनीचं बिस्किट घेतो, आणि दुकानदाराला नोट देऊन सुट्टे पैसे परत मिळेपर्यंत उभा राहतो. हे उभं राहणं शिकवायला मला वर्गात किती महिने लागले असते!

काम बाहेरच्या माणसाकडे हवं, हे टेम्पलबाई वारंवार सांगतात आणि त्यात शहाणपण आहे. घरात आपण लेकराला चुकू देत नाही, किंवा चुकलं तरी आपणच करून टाकतो. बाहेरचा माणूस वेळेवर ये म्हणतो, आणि लेकरू वेळेवर जातं. पण सवय पायरीपायरीनंच लावायची. जमतं त्याच्या थोडंसंच पुढं ढकलायचं. बाजाराच्या दिवशी गर्दीत नेऊन सोडलंत, तर ते पुन्हा उंबरठ्याबाहेर येणार नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. टेम्पलबाईंच्या घरी पैसा होता, खासगी निवासी शाळा परवडत होती, आणि त्या बोलू लागल्या. आपली काही मुलं कधीच तोंडानं बोलणार नाहीत. काहींना कपडे घालायलाही आयुष्यभर मदत लागेल. त्यांच्या आईबापांना हे व्याख्यान पाहताना एकटं वाटलं असेल. तुमच्या लेकरालाही सांगायचं असतं, फक्त वाट दुसरी लागते. चित्रांची कार्डं, पाटी, फोन. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं मोफत ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलतं. असं दिल्यानं बोलणं मागे पडेल ही भीती काढून टाका, तसं होत नाही. आणि काम म्हणाल, तर अमरावती जिल्ह्यातच परतवाड्याजवळ वझ्झरला जाऊन या. शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अपंग, मतिमंद, मूकबधिर लेकरं स्वतःचं नाव देऊन वाढवली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या उजाड टेकडीवर हजारो झाडं उभी आहेत आणि ती या लेकरांनीच पाणी घालून जगवली आहेत.

पैशाचंही बोलून टाकू. ऑटिझम बरा करून देतो म्हणणाऱ्यांकडे कुणी जाऊ नका. मूळपेशींच्या इंजेक्शनांसाठी शेत विकायला निघालेलं कुटुंब मला माहीत आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं २०२२ मध्येच सांगितलं आहे, की ऑटिझमसाठी हा उपचार करू नये. शेत राहू द्या, लेकराला त्या शेताची गरज पडणार आहे.

कागदपत्रांचं टाळू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड करून घ्या, अमरावतीकरांनी इर्विन रुग्णालयात, अकोलेकरांनी सर्वोपचार रुग्णालयात चौकशी करा. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ याच कागदावर मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. आणि "आमच्यामागं कोण?" हा जो प्रश्न तुम्ही रात्री एकमेकांनाही विचारत नाही, त्याची एक कायदेशीर बाजू आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. बाकीचं उत्तर कायद्यात मिळणार नाही. ते त्या बागवानासारख्या माणसांत आहे, जो आज लेकराला नावानं ओळखतो आणि उद्या तुम्ही नसलात तर त्याची विचारपूस करेल. अशी माणसं जोडायला आजपासूनच लागायचं.

म्हणून पुढच्या शनिवारी येताना प्रत्येक घरानं एका माणसाचं नाव ठरवून आणावं. घरातला नको. किराणावाला, शिंपी, रोपवाटिकावाला, पिठाची गिरणीवाला, कुणीही, जो लेकराला आठवड्यातून दोनदा अर्धा तास जवळ उभं करेल. आणि तिथं लेकरू काय करू शकेल असं तुम्हाला वाटतं, तेही एका ओळीत लिहून आणा. लेकरं अजून लहान आहेत अशा घरांनी आजीला सोबत आणावं. वडिलांनो, या वेळी तुम्ही या. त्या माणसाशी कसं बोलायचं, पहिल्या दिवशी काय समजावून सांगायचं, पहिल्या आठवड्यात सोबत कोण थांबणार, हे सगळं आपण बसून ठरवू. संत्र्याची तोड दिवाळीनंतर जोरात सुरू होते, त्याआधी वरुड-मोर्शीकडच्या चार मुलांची तरी सोय लावायची आहे.